वी-बे: खाल्ल्या मिठाला जागला की मिठातच मुरला?

बेंचक्लार्क_म्हापसा (धागाकर्ता)

('द वायर' ही मालिका पाहायची असेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलं आहे. २००२ ला सुरू होऊन २००८ ला संपलेल्या मालिकेचं गुपित अजून कोणी जपून ठेवलं असेल असं वाटत नाही, पण आपल्याकडे त्यावरूनही धागे पेटतात, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.)

मंडळी, नमस्कार. ३१ वर्षं कोर्टात रोजनामा लिहिला. निवृत्त झाल्यावर मासे आणले. खायचे नव्हे, पाळायचे. गोव्यात हे दर वेळी वेगळं सांगावं लागतं. दोन फुटांची काचेची टाकी, गप्पी, मॉली आणि काच चाटत बसणारा एक काळा मासा. सौ.चं म्हणणं, ज्याची आमटी होत नाही त्याला एवढं कशाला जपायचं.

यंदा पावसात भाच्याने लॅपटॉपवर 'द वायर' लावून दिली. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, तिथला गर्दचा धंदा, पोलीस, गोदी, शाळा, वर्तमानपत्र. पाच पर्वं, ६० भाग. पहिल्या तीन भागांत कोण कोणाचा माणूस हेच कळेना, आणि भाषा इंग्रजी असूनही इंग्रजी वाटेना. वर मध्येच वीज जायची. चौथ्या भागापासून मात्र वीज गेली की मी वीज खात्याला फोन लावायला लागलो.

या मालिकेवर लिहिणारे सगळे गर्दवाल्यांनाच लुटणाऱ्या ओमरवर लिहितात, नाहीतर बार्क्सडेल टोळीचा दुसऱ्या नंबरचा माणूस स्ट्रिंगर बेल याच्यावर. मी अडकलो रोलंड ब्राइसपाशी, म्हणजे वी-बेपाशी. हसन जॉन्सन या नटाने केला आहे. तरुण मंडळींनी मालिका पाहिली नसली तरी हा चेहरा पाहिलेला असतो: डोळे विस्फारून, तोंड वासून बघणारा माणूस, जीआयएफ म्हणून जगभर फिरतो. माझ्या मुलीने पाण्याचं बिल आल्यावर मला तोच पाठवला होता. हा कोण बाबा, तेव्हा ठाऊक नव्हतं.

तर हा अ‍ॅव्हन बार्क्सडेलच्या टोळीचा शूटर. सांगितलं की जायचं, मारायचं, परत यायचं. का, असं विचारायचं नाही. एका भागात तो डी'अँजेलोला एका अंधाऱ्या घरात नेतो. डी'अँजेलो म्हणजे अ‍ॅव्हनचा सख्खा भाचा, टोळीत राहून मन न रमलेला. त्याला वाटतं, आज आपला निकाल लागला. आणि दिवा लागतो तर समोर मासेच मासे. टाक्याच टाक्या. वी-बेला काही दिवस गावाबाहेर लपायचं आहे, म्हणून कोणत्या माशाला काय घालायचं ते तो समजावून सांगतो. मी तो प्रसंग तीनदा पाहिला. मासे पाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हाती टाकी सोपवताना पोटात काय होतं ते मला माहीत आहे.

पहिल्या पर्वाच्या शेवटी तो पकडला जातो. फाशी टळावी म्हणून सरकारी वकिलाशी सौदा होतो: सगळं कबूल कर, जन्मठेप घे, पॅरोल नाही. हा खाली बसतो, एक सँडविच मागवतो आणि एकेक खून सांगत जातो. न केलेलेही स्वतःच्या नावावर घेतो. अजून एक सँडविच आणि थोडं बटाट्याचं सॅलड मिळत असेल तर आणखीही कबूल करू, असा एकूण सूर. मी टेबलाच्या या बाजूला एवढी वर्षं काढली, पण मेन्यू बघून कबुली देणारा आरोपी पाहिला नाही. (अवांतर: आपल्याकडे हा सौदा होऊच शकत नाही. २००५ च्या दुरुस्तीने प्ली बार्गेनिंग आलं खरं, पण सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ते लागत नाही. आणि पोलिसापुढची कबुली तर १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनच बाद.)

तुरुंगात गेल्यावर त्याच्याकडे उरतात ते प्लास्टिकचे मासे. तेही एका वॉर्डरला बघवत नाहीत.

आता मुद्दा. चौथ्या पर्वात त्याचा मुलगा नेमंड मोठा झाला आहे. १३-१४ वर्षांचा, तोंडाने तुरतुरीत, आतून भित्रा. आई डेलोंडा त्याला नाक्यावर माल विकायला बसवते. त्याच्या अंगात ते नाही. शेवटी बनी कोल्विन हा माजी पोलीस अधिकारी तुरुंगात वी-बेला भेटायला येतो आणि म्हणतो, तुझा मुलगा मला वाढवू दे. आणि वी-बे देतो! ज्याने आयुष्यभर पोलिसाला एक खरा शब्द दिला नाही, तो पोलिसाला पोटचा पोर देतो.

माझा प्रश्न एवढाच: ही निष्ठा मोडली म्हणायची, की पूर्ण झाली म्हणायची? भाचा म्हणतो मोडली. मला तसं वाटत नाही, पण का वाटत नाही ते नीट मांडता येईना, म्हणून इथे आलो.

उसळपाव

रुमाल टाकून ठेवतो. दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर आहे, डोळे मिटून खाली स्क्रोल केलं.

पेडण्याचा_कर्ण

भाई, नाव बघितलंत ना माझं? आमच्या गावच्या जत्रेला नाटक असतं आणि गेली १४ वर्षं कर्ण मीच. सुरुवातीला आवाजामुळे दिला, आता दुसरा कोणी तालमीला वेळेवर येत नाही म्हणून माझ्याकडेच आहे. तेव्हा हा धागा माझाच आहे असं समजून लिहितो.

तुमच्या भाच्याला सांगा, कर्णाकडे कृष्ण येतो. तू कुंतीचा थोरला, चल, राज्य घे, म्हणतो. कर्ण नाही म्हणतो, दुर्योधनाचं मीठ खाल्लं आहे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पण नंतर कुंती येते तेव्हा काय करतो? पक्ष सोडत नाही, पण तिला शब्द देतो: अर्जुन सोडून तुझ्या एकाही मुलाला मारणार नाही, तुझे पाच ते पाचच राहतील. भीम, युधिष्ठिर, नकुल, सहदेव या चौघांना रणात हाती सापडूनही सोडतो. दुर्योधनाच्या बाजूने बघितलं तर ही फितुरीच की. चार पांडव जिवंत सोडले! पण आमच्या जत्रेत त्या जागी कोणी 'फितूर' म्हणून ओरडत नाही. टाळी पडते. मागे एक म्हातारी रडायला लागली होती, मी पुढचं वाक्य विसरलो.

कर्णाची खोड एकच, दारी आलेल्याला नाही म्हणता येत नाही. इंद्राने कवचकुंडलं मागितली, दिली. आता तो कोल्विन आणि वी-बेचा प्रसंग परत बघा. अ‍ॅव्हनने वी-बेकडे कधी काही मागितलं का? स्ट्रिंगरने मागितलं? हुकूम सोडले. बायकोसुद्धा जाब विचारते. त्याच्यापुढे येऊन हात पसरणारा कोल्विन पहिला. वी-बे म्हणतोही, तू फार मागतोयस. त्यावर कोल्विन कबूल करतो की हो, फार आहे, पण मागतोच आहे. झालं. त्या 'मागतो'पाशी तो हरला. माझ्या मते पूर्ण झाली-मोडली हा प्रश्नच नाही. टोळीचं टोळीला दिलं, दान वेगळ्या खिशातून दिलं.

तरवटी

जहाजावर नेटवर्क आलं आहे तेवढ्यात लिहितो.

बाल्टिमोरला आमचं मोटारी नेणारं जहाज दोनदा लागलं होतं. २६ मार्च २०२४ ला 'डाली' धडकून जो पूल पडला, त्याच्याच खालून गेलो होतो. बातमी आली तेव्हा मेसमध्ये कोणी बोलेना, त्या जहाजावरही बहुतेक आपलेच लोक होते. असो. त्या गोदीवर मालिकेचं आख्खं दुसरं पर्व आहे आणि लोक त्याला कंटाळवाणं म्हणतात. ज्यांनी कंटेनर कधी जवळून पाहिला नाही ते म्हणतात.

सँडविचबद्दल. त्याला पिट बीफ म्हणतात. मांसाचा मोठा तुकडा कोळशाच्या धगीवर बाहेरून करपेपर्यंत भाजायचा आणि पातळ पातळ कापून पावात भरायचा, वर कच्चा कांदा. मी बीफ खात नाही, माझा सासष्टीचा कॅबिनवाला दोन खाऊन आला आणि मला नुसता सॉस आणला. वी-बे जादा मागतो ना, तीच हॉर्सरॅडिशची चटणी. पावाला लावून चाखली. तिखट जिभेला लागत नाही, सरळ नाकातून मेंदूत जातं. डोळ्यांतून पाणी.

आता भाई, तुम्ही त्या कबुलीला फार मोठं करताय. हिशेब बघा. फाशी टळली आणि पॅरोल नसलेली जन्मठेप पडली, की पुढचा प्रत्येक खून फुकट. माणसाला एकच जन्म असतो, तो एकदा दिला की दहा खून कबूल केले काय आणि वीस केले काय. ती निष्ठा नव्हती, ती मोकळ्या कंटेनरमध्ये जाता जाता दुसऱ्याचा माल टाकण्यासारखी गोष्ट होती. भाडं तेवढंच.

मुलगा देणं मात्र फुकट नव्हतं. जन्मठेपेच्या माणसाकडे बाहेर जे काही उरतं ते तेवढंच. म्हणून माझं मत, पहिल्या पर्वात त्याने काहीच दिलं नाही. जे दिलं ते चौथ्यात. बाकी आम्हीसुद्धा आठ-नऊ महिने बाहेर असतो, घरी पैसे जातात, आणि पोराने तरवटी, म्हणजे जहाजावरचा माणूस, होऊ नये असं प्रत्येक जण म्हणतो. पुढचं लिहीत नाही, वॉच, म्हणजे कामाची पाळी, सुरू होते.

फोंड्याची_बाय

तुमच्या पुरुषांच्या गप्पा छान रंगल्यात. कर्ण काय, दान काय. मी २६ वर्षं सातवी-आठवीला शिकवते, तेव्हा थोडं मुलाकडून आणि थोडं आयांकडून बोलते.

पेडण्याच्या कर्णा, तू चार पांडव सोडलेस ते बरं केलंस, पण तुझ्या नाटकात वृषसेन येतो का रे? कर्णाचा मुलगा. नसेलच, दोन तासांत कुठे बसवणार. तो बापाबरोबर युद्धात उतरतो आणि बापाच्या डोळ्यांदेखत अर्जुनाच्या बाणाने मरतो. कवचकुंडलं देणारा कर्ण मुलाला रथावरून उतरवू शकला नाही. वी-बेने उतरवला. तेव्हा तुलना करायचीच तर पुरी करा.

आणि आया. ब्रिआना म्हणजे अ‍ॅव्हनची बहीण, डी'अँजेलोची आई. पहिल्या पर्वात डी'अँजेलो सगळं सांगून सुटायला तयार होता, तेव्हा तीच त्याला भेटून समजावते: घराण्याचा विचार कर, गप्प बस, शिक्षा घे. त्याने घेतली, २० वर्षं. दुसऱ्या पर्वात त्याला तुरुंगातच गळा आवळून मारलं, आणि तेही स्वतःच्याच टोळीच्या माणसाच्या सांगण्यावरून, आत्महत्या भासवून. म्हणजे निष्ठेचा खरा ताळेबंद आधीच मांडून झाला होता. वी-बे तेव्हा त्याच तुरुंगात होता. त्याला खरं किती कळलं ते मालिका सांगत नाही, पण आपल्याच तुरुंगातला पोरगा गेला एवढं तर दिसलंच असेल ना.

मग चौथ्या पर्वात हीच ब्रिआना डेलोंडाला सांगते की आता महिन्याचे पैसे येणार नाहीत. सगळे डेलोंडाला शिव्या घालतात, आई आहे की कोण. मलाही ती आवडत नाही, पण तिचं कोणी ऐकून घेत नाही हे खरं. करार तिच्या नवऱ्याने केला, तो मोडला मालकाने, आणि भाडं भरायचं हिने. तिला एकच हिशेब येत होता: बाप गेला की मुलगा त्याच्या जागी. आमच्या शाळेत अशा आया येतात. धंदा गर्दचा नसतो, दुकान असतं, गाडा असतो, मुलगा आठवीत असतानाच 'आता तो बघेल' असं ठरलेलं असतं. मी कोल्विनसारखी कोणाच्या दारात गेले नाही. जायला हवं होतं, दोन वेळा तरी.

मालिका लिहिणाऱ्यांपैकी एड बर्न्स आधी बाल्टिमोरला पोलीस होता आणि नंतर शाळामास्तर. ते दिसतं. नेमंडसारखा मुलगा मी वर्गात चार-पाच वेळा तरी पाहिला आहे: सगळ्यात मोठा आवाज त्याचा आणि सगळ्यात आधी रडू त्यालाच. पण एक टोचत राहतं. मुलं चार होती. मायकल, रँडी, डुकी आणि हा. वाचला एकटा हाच. मायकल बंदूक घेऊन लुटायला लागला, रँडी अनाथालयात दगड झाला, डुकी, माझा डुकी, शेवटच्या भागात सुई टोचून घेताना दिसतो. त्यांच्यासाठी 'नेऊ दे' म्हणणारा बापच नव्हता.

झिरो_बॅलन्स

माफ करा, पण इथे एका खुन्याला हार घालणं चाललंय. लिटल मॅन हा याचाच जोडीदार होता. पोलीसबाईवर गोळी चालवून बसला म्हणून वरून हुकूम आला आणि यानेच त्याला संपवला. बरोबर जेवणारा माणूस! टोळीवाले त्या सिक्युरिटी गार्ड बाईलाही मारतात, जिचा काहीच संबंध नव्हता, फक्त एका केसमध्ये साक्षीदार होती. तिलाही मुलंबाळं असतील. मासे पाळतो म्हणून गोड वाटतो. लेखकाने मासे काढून घेतले असते तर हा धागा निघाला असता का? कर्ण वगैरे तर राहूच दे.

पेडण्याचा_कर्ण

@झिरो_बॅलन्स, अभिमन्यूला घेरणाऱ्यांत कर्णही होता बाबा. आम्ही तो प्रवेश गाळत नाही.

@फोंड्याची_बाय, वृषसेन नाही नाटकात. खरंच नाही. बाई, तुम्ही माझी यंदाची तालीम बिघडवलीत.

बेंचक्लार्क_म्हापसा (धागाकर्ता)

झिरो_बॅलन्स यांचं म्हणणं रास्त आहे. माशांमुळेच मी अडकलो, आधीच कबूल केलं आहे. खुनी तो आहेच. मी सोडा म्हणत नाही, कोर्टातला माणूस आहे.

पण बाईंनी 'करार मालकाने मोडला' लिहिलं आणि मला काल झोप आली नाही. माझं अडलं होतं ते इथेच. एक जुनी गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकातली. आमच्याकडे मटक्याचे खटले यायचे, ढिगाने. मटका घेणारा पोरगा पकडायचा, चिठ्ठ्या आणि थोडी रोकड मुद्देमाल म्हणून जप्त, गुन्हा कबूल, दंड, न भरल्यास साधी कैद, पुढचा. पाच मिनिटांत रोजनाम्याची ओळ पुरी. पोरगा दर वेळी वेगळा, पण दंड भरणारा माणूस एकच. बाहेर बदामाच्या झाडाखाली उभा असायचा, पांढरा हाफ शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. नाव पुकारलं की पोरगा आत, पैसे पिशवीतून बाहेर. धंदा कोणाचा हे अख्ख्या गावाला माहीत, कागदावर कधी नाही. पोरं त्याचं नाव घेत नसत. विचारलं तर म्हणायची, माझाच धंदा, साहेब. विशीच्या आतला पोरगा, पायात तुटकी चप्पल, आणि म्हणे माझाच धंदा.

त्यातला एक माझ्या लक्षात राहिला कारण तो तिसऱ्यांदा आला होता आणि मला 'काका' म्हणायला लागला होता. त्या दिवशी त्याने नेहमीसारखं कबूल केलं, दंड झाला, आणि झाडाखाली कोणी नव्हतं. शुक्रवार होता, बाजारामुळे गर्दी असेल, उशीर झाला असेल, असं तो मला सांगत होता. जेवणाची सुट्टी झाली. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून फाटकाकडे बघत होता. चार वाजले. मी बाहेर गेलो तर म्हणतो, काका, येतील, त्यांनी शब्द दिलाय. पाच वाजता शिपाई त्याला घेऊन गेला. जाताना त्याने मला विचारलं, 'आता त्यांचं नाव सांगितलं तर उपयोग होईल?' मी खरं ते सांगितलं, की खटला निकाली निघाला, आता नाही. रक्कम एवढी किरकोळ होती की माझ्या खिशात तेवढे पैसे होते. भरले नाहीत. नियमात बसत होतं का, कोण काय म्हणेल, असं काहीबाही मनात आलं आणि मी बस पकडली.

वी-बेकडे बघताना मला तो बाक दिसत होता. अ‍ॅव्हनच्या माणसांनी पैसे थांबवले तेव्हा वी-बेचा दिवस पाचवर आला होता. इतर कोणी असता तर तेव्हा नाव सांगायला धावला असता, नाहीतर मुलाला घट्ट धरून बसला असता, की निदान हा तरी माझी जागा चालवेल. डेलोंडा भेटीला येऊन भांडते, मुलगा टोळीचा शिपाईगडी होऊ नये तर काय व्हावा, असं तिचं म्हणणं. त्यावर तो काय सांगतो? माझ्याकडे बघ, दुसरं काही होता येत असताना असं व्हायला कोण मागेल. अ‍ॅव्हनबद्दल एक अक्षर वाईट नाही. उलट बायकोला सांगतो, तुला मी आहे, आपण निभावू. कराराची त्याची बाजू तो शेवटपर्यंत पाळतो. फक्त त्या करारात मुलाचं नाव कधीच नव्हतं, हे त्याला तेव्हा दिसलं. आमच्या भाषेत सांगायचं तर जामीन बापाचा होता, वारसाला लागू नाही. भाच्याला आज सकाळी हे ऐकवलं. तो म्हणाला, मामा, तुम्ही निवृत्त झालाच नाही.

तरवटींना: हिशेब मान्य. दुसरा खून फुकट होता. पण न केलेला खून स्वतःवर घेतला की ज्याने केला तो मोकळा राहतो, ते भाडं कोणीतरी भरतंच. झाडाखालच्या माणसाने भरलं नाही.

आणखी एक, कोणी लिहिलं नाही म्हणून. शेवटच्या भागात, अगदी शेवटी, तुरुंगाच्या आवारात वी-बे आणि क्रिस पार्टलो बोलत उभे दिसतात. क्रिस हा दुसऱ्या टोळीचा, मार्लोचा शूटर. त्यानेही मालकाचे सगळे खून अंगावर घेऊन जन्मठेप पत्करली. मार्लो बाहेर, सुटाबुटात. त्या दोघांचं काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नाही, दोनतीन सेकंदांचं दृश्य आहे. मी आवाज वाढवून बघितला. नाहीच.

फोंड्याची_बाय

भाई, त्या मुलाचं पुढे काय झालं?

बेंचक्लार्क_म्हापसा (धागाकर्ता)

परत आमच्या कोर्टात आला नाही. एवढंच सांगू शकतो. ते झाड अजून आहे.

तरवटी

वॉच संपली. एकच विचारतो भाई, चवथीला गावी जाता तेव्हा तुमच्या टाकीकडे कोण बघतं?

बेंचक्लार्क_म्हापसा (धागाकर्ता)

शेजारचा मुलगा, नववीत आहे. गेल्या वर्षी त्याला किल्ली दिली आणि 'चिमूटभर घाल' सांगून गेलो. त्याची चिमूट माझ्या मुठीएवढी निघाली. पाणी दुधासारखं झालं, चार मॉली गेल्या. पोरगा घाबरून दोन दिवस आमच्या दारात आला नाही. यंदा कागदाच्या पुड्या बांधतो, पाच दिवसांच्या पाच, वर तारीख घालून. आणि काच चाटणाऱ्याला काकडीची एक चकती, ती वेगळी सांगावी लागेल.